सागाच्या तुळईतली वलयं दुष्काळ सांगतात का?

प्रश्न: नागपूरच्या महाल भागातलं आजोबांचं घर उतरवलं. तुळई लकडगंजात आऱ्यावर कापली, तर कापावर 94 वलयं भरली. मधली चार अगदी दोऱ्याएवढी. 1899 चा दुष्काळ असेल का हा? आजी त्याच्या गोष्टी सांगायची, म्हणून जीव अडकलाय.

उत्तर: पाऊस कमी, तर सागाचं वलय अरुंद, हे खरं. पण लाकडावर झाडाची साल नसेल तर शेवटचं वलय कुठल्या वर्षाचं, हे मोजून कळत नाही. वय माहीत असलेल्या सागांच्या वलयांशी क्रम जुळवावा लागतो.

उत्तर: अळीनं पानं खाल्ली तरी वलय बारीक होतं. एका लाकडावर विसंबू नका.

प्रश्नकर्ता: साल नाही, पण कडेला फिकट लाकूड बोटभर शिल्लक आहे.

उत्तर: फिकट लाकूड सालीलगतच असतं, मग कडेची फार वलयं गेली नसावीत. चकती जपा!

प्रश्नकर्ता: वलयं नीट दिसावीत म्हणून आजच पॉलिश पेपरनं घासतो.