बाबांची रोडस्टर सायकल फिक्स्ड करतोय, मागचा हब (चाकाचा मधला गाभा) कोणता घालू? (मदत हवी आहे)

मंडळी, प्रश्न खाली आहेत, आधी थोडी रामकहाणी.

बाबांची १९८४ सालची काळी ॲटलस. अठ्ठावीस इंची चाकं, रॉडचे ब्रेक, कॉटरवाले क्रँक (पायडलचे दांडे पाचरीने बसवलेले). बरीच वर्षं जिन्याखाली पडून होती. दिवाळीच्या साफसफाईत आईने "देऊन टाकू का भंगारात?" असं विचारलं आणि मला एकदम प्रेमाचा उमाळा आला. हिची फिक्स्ड करायची ठरवली. फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी चकती) काढायचं, मागे दातेरी कॉग थेट हबवर. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, मध्येच पाय थांबवायची सोय नाही. बाबा म्हणाले, "उतारावर पाय थांबवता यावेत म्हणून माणूस चढ चढतो. तू नेमकं तेच काढून टाक."

गल्लीतल्या मेकॅनिकने हौसेने काम केलं. जुन्याच हबवर फ्रीव्हीलच्या आट्यांवर कॉग चढवला, त्याच मापाची बीबीची (क्रँकच्या ॲक्सलच्या जागेची) लॉकरिंग, म्हणजे घट्ट धरणारी रिंग, वरून आवळली, मध्ये कसलासा लाल गोंद. "आता देव आला तरी सुटणार नाही." सपाटीवर आठवडाभर झकास चालली. मागच्या रविवारी चांदणी चौकातून कोथरूड डेपोकडे उतरताना वेग आवरायला पायांनी मागे जोर दिला. एक 'कट्' ऐकू आलं आणि पाय एकदम हलके, लोण्यात फिरल्यासारखे. मागे पीएमटी होती. (पीएमपीएमएल म्हणा, आमच्याकडे अजून पीएमटीच.) पुढचा ब्रेक लावला म्हणून हे टाइप करतोय. खाली उतरून पाहिलं तर कॉग दीड आटा सुटून बाहेर आलेला आणि चेन तिरकी.

तर प्रश्न. गोंद बदलून हेच परत करावं की वेल्डिंग मारावं? खरा ट्रॅक हब (फिक्स्डसाठीच बनवलेला) घ्यायचा तर तो १२० मिमीचा मिळतोय, माझ्या फ्रेममध्ये मागे जेमतेम ११४ मिमी जागा आहे. शिवाय माझ्या मागच्या रिमला ४० भोकं, हबला ३२. सगळं चाकच बदललं तर रॉड ब्रेकचं काय? पुढे ४४ दाते, मागे १८.

तेलकट हात

गोंदही नको, वेल्डिंगही नको. साध्या हबवर सगळे आटे एकाच दिशेचे. पुढे जोर लावला की कॉग आवळतो, मागे लावला की सुटतो आणि लॉकरिंगलाही सोबत घेऊन जातो. या जुगाडाला इंग्रजीत 'सुसाइड हब' म्हणतात, ते उगाच नाही. ट्रॅक हबवर दोन पायऱ्या असतात. मोठीवर कॉग, सरळ आट्याचा. बाहेरच्या लहान पायरीवर लॉकरिंग, उलट्या आट्याची. कॉग सुटायला लागला की लॉकरिंग आणखी आवळते. सगळी गंमत त्या उलट्या आट्यात आहे. वेल्डिंग मारलेलं फ्रीव्हील त्याच सरळ आट्यांवर बसणार, म्हणजे मूळ दुखणं जागच्या जागी. वर हबही बाद.

६ मिमीचं टेन्शन घेऊ नका. जुनं स्टील आहे, दोन्ही बाजू ३-३ मिमी हाताने फाकतात. पण दोन्हीकडे सारखंच फाकलंय ना, ते दोरा लावून तपासा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हा प्रयोग कधीही करू नका.

आता भोकं. आपल्या रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४०, ही जुनी विलायती पद्धत. म्हणजे पुढच्या चाकाचा ३२ भोकांचा रिम विकत घ्या आणि तो मागच्या हबवर विणा! रिमचा घाट तोच, त्यामुळे दोन्ही रॉड ब्रेक जागच्या जागी राहतात. स्पोकची लांबी मात्र नव्याने मोजून घ्या, जुने बसणार नाहीत. आणि कॅरियरवर कुणाला डबलसीट घेऊ नका.

नारायणपेठी

गिअर नको, फ्रीव्हील नको. पुढच्या महिन्यात ब्रेक पण नको म्हणाल. खरे फिक्सीवाले ब्रेक लावत नाहीत म्हणे.

तेलकट हात

बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर) ब्रेक नसतात, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि मध्येच कुणी भाजी घ्यायला थांबत नाही. लक्ष्मी रोडचं तसं नाही. पुढचा ब्रेक हवाच. क्रोमच्या रिमला पावसात रॉड ब्रेक धरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

उताराचं गणित सांगतो. ४४ ला १८ आणि अठ्ठावीस इंची चाक, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर. ताशी ३० ला मिनिटाला ९० च्या वर फेरे, ताशी ४० ला १२० च्या वर. नवशिक्याचे पाय तिथे चाकाच्या ताब्यात जातात, तुमच्या नाही. वेग चढायच्या आधीच आवरायचा, चढल्यावर नाही. चांदणी चौक सध्या विसरा.

कॉटरपिन

क्रँककडे कुणी बघितलंच नाही. फिक्स्डमध्ये कॉटरवर पुढून-मागून आलटून पालटून ताण येतो, जुनी कॉटर हळूहळू झिजून 'टक टक' करायला लागते. दोन्ही नव्या घाला, कानशीने बसत्या करा, ठोकून मग नट आवळा. पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर परत आवळा. चेन अर्धा इंच वर-खाली हलेल इतकीच ढिली ठेवा. पूर्ण फेरा फिरवून बघा, एखाद्या ठिकाणी ताठ होतेच.

आणि हे मनावर घ्या: स्टँडवर चाक फिरवत ठेवून चेनला फडकं लावायची सवय असेल तर आजच सोडा. फ्रीव्हीलला चेन थांबते, इथे नाही. फडक्याबरोबर बोट कॉगमध्ये गेलं तर तुकडा पडतो.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

झाली तयार! रिम ३२ भोकांचा, हब दोन्ही बाजूंचा, म्हणजे एकीकडे फिक्स्ड आणि दुसरीकडे फ्रीव्हीलचे आटे. ॲक्सल बसेना म्हणून फ्रेमच्या खाचा कानशीने किंचित घासाव्या लागल्या. चाकातला आऊट (डगमग) काढायला दोन संध्याकाळी गेल्या. कॉटर नव्या.

काल सकाळी सव्वासहाला नदीपात्रातल्या रस्त्यावर नेली. पहिल्याच गतिरोधकाला सवयीने पाय थांबवले आणि पायडलने मला सीटवरून असं उचललं की शेजारचे मॉर्निंग वॉकवाले काका "सांभाळून" म्हणाले. वळणावर आतला पायडल खाली असताना सायकल तिरकी करायची नाही, हे दुसऱ्या वळणावर कळलं. रस्त्यावर ठिणगी पाहिली. पण दहा मिनिटांनी पाय शांत झाले. सिग्नलच्या बरंच आधी पाय जड करायचे, ब्रेकला हात फक्त शेवटी. चाकाखालची खडी तळपायाला कळते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बाबा सोबत चालायला आले होते. त्यांना चालवायची होती. त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं: डावा पाय पायडलवर, उजव्याने जमीन ढकलत दोन पावलं, मग टांग. इथे पायडलच वर निघालं. नशीब, मी हँडल धरून होतो. बाबा खाली उतरले, सायकलकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "त्या दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसतं म्हणालास ना?"

बसतं. पण जुनं फ्रीव्हील, ते काढलं त्याच दिवशी, आईने भंगारवाल्याला दिलं होतं. १८ दात्यांचं, आवाज करणारं, चांगल्यातलं फ्रीव्हील पुण्यात कुठे मिळेल? बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारू का?