चहा स्वस्त होणार होता, तरीही

अमेरिका ब्रिटनच्या ताब्यात असताना तिथल्या बोस्टनकरांनी चहा समुद्रात फेकला, तो चहा महागला म्हणून, असं काही जण म्हणतात. उलट आहे. 1773च्या ब्रिटिश कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला (हो, आपलीच ती!) थेट अमेरिकेतल्या वसाहतींत चहा विकायची मुभा मिळाली आणि चहा स्वस्तच होणार होता. कंपनी कर्जात बुडालेली, गोदामं चहाने भरलेली. पौंडामागे 3 पेन्सचा जुना कर मात्र कायम ठेवला. तो चहा घेतला की लंडनच्या पार्लमेंटचा वसाहतींवर कर लावायचा हक्क गुपचूप मान्य केल्यासारखं होणार, ही खरी खोच. शिवाय स्थानिक व्यापारी आणि चोरटा डच चहा आणणारे यांच्या पोटावर पाय. तत्त्व आणि धंदा दोन्ही एकत्र आले, मग काय!

पण माझ्या मते करापेक्षा शिक्षेने काम बिघडवलं. 1765चा स्टॅम्प कायदा (कागदपत्रांवरचा कर) विरोध झाल्यावर वर्षभरात मागे घेतला होता. चहाच्या 342 पेट्या बुडाल्यावर लंडनने बोस्टन बंदरच बंद केलं, बोस्टन ज्या वसाहतीत आहे त्या मॅसॅच्युसेट्सची सनद मोडीत काढली, गावसभांवर बंधनं घातली. मग व्हर्जिनियासारख्या दूरच्या वसाहतीलाही वाटलं, उद्या आपला नंबर. सप्टेंबर 1774मध्ये 12 वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. तेव्हाही स्वातंत्र्य कुणी उघड मागत नव्हतं. एप्रिल 1775मध्ये बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैन्य आणि वसाहतवाले यांच्यात गोळ्या सुटल्यानंतरही जुलैत या प्रतिनिधींच्या सभेकडून ब्रिटनच्या राजाकडे समेटाचा अर्ज गेला. राजा तिसऱ्या जॉर्जने तो घेतलाच नाही, ऑगस्टमध्ये वसाहतवाल्यांना बंडखोर ठरवून मोकळा झाला.