फ्लोटला मराठीत काय म्हणायचं? तरणे, तरंगणे, सांगड, उलांडी

प्रश्न: मच्छीमारांसाठीची एक माहितीपुस्तिका मराठीत करायची आहे. 'फ्लोट' शब्द पानोपानी येतो: जाळ्याचा फ्लोट, बुडताना फ्लोट करणे, रुतलेली नौका फ्लोट करणे, शेवटच्या भागात कर्जाचा फ्लोटिंग दर. शब्दकोश उघडला की सगळीकडे 'तरंगणे'. तेवढ्यावर भागेल का?

मालवणहून: नाही भागणार. पोहणे, तरंगणे, वाहणे आणि तरणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. हातपाय मारून जायचं ते पोहणं. काही न करता पाण्यावर राहायचं ते तरंगणं. पाणी नेईल तिकडे जाणं म्हणजे वाहणं. आणि तरणं म्हणजे बुडायच्या बेतात असताना न बुडणं, पार होणं. हे शेवटचं संस्कृतातल्या 'तॄ' धातूचं, म्हणून पाऊस लांबला तरी पीक तरतं, तोट्यातला धंदा तरतो. खाडी ओलांडायची होडी म्हणजे 'तर', शिवाय 'तारू', 'तराफा', सगळी याच धातूची लेकरं. दाभोळ-धोपावेला आज फेरीबोट म्हणत असले तरी 'तरीबंदर' हे नाव किनाऱ्यावर अजून टिकून आहे.

पुस्तिकेत सर्वात जपायची जागा म्हणजे बुडण्याची. 'प्रवाहात सापडल्यास फ्लोट करा' याचं कुणी 'पोहत राहा' केलं तर त्या वाक्याने माणूस मरेल. आत ओढणाऱ्या प्रवाहाविरुद्ध किनाऱ्याकडे पोहणारा दमतो आणि दमला की बुडतो. तिथे लिहा: 'उताणे होऊन तरंगत राहा.' आणि कसं तेही लिहा. मान मागे, कान पाण्यात, हनुवटी वर, हात बाजूला पसरलेले, छातीत श्वास भरलेला. भरल्या छातीने बहुतेकांचं अंग समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, पण ते किंचितच. हात वर करून हलवला की त्या हाताचं वजन पाणी उचलत नाही, आणि तेवढंच डोकं खाली जातं. मदतीसाठी हात करायचाच तर एकच, तोही थोडा वेळ. ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं, मग आत यायचं.

देवगडहून: क्रियापदाबद्दल मान्य. जाळ्याच्या बाबतीत मात्र 'तरंगक' वगैरे घडवू नका. बंदरावर सगळे फ्लोटच म्हणतात. बोया वेगळा: जाळं किंवा नांगर कुठे आहे ते दाखवणारा, लांबून दिसणारा. पुस्तिकेत दोन्ही शब्द आपापल्या जागी ठेवा, अदलाबदल करू नका.

फ्लोट किती उचलतो त्याचा हिशेब मूळ मजकुरात तुटक असेल तर असा लिहा. समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण 1.025 किलो. म्हणजे 200 मिलिलिटरचा फ्लोट पूर्ण बुडवला तर पाणी त्याला 205 ग्रॅमने वर ढकलतं. फ्लोटचं स्वतःचं वजन 40 ग्रॅम असेल तर उरली 165 ग्रॅम, तीच खरी उचल. जाळं खाली ओढायला लावलेलं शिसं पाण्यात फार हलकं होत नाही, एक किलो शिसं पाण्यातही सुमारे 910 ग्रॅम भरतं. जाळ्याचं नायलॉन मात्र जवळजवळ वजनहीन होतं, किलोला 100 ग्रॅम. फ्लोटांची एकूण उचल शिसं आणि जाळं यांच्या पाण्यातल्या वजनापेक्षा जास्त असेल तर जाळं वर लटकतं, कमी असेल तर तळाला बसतं.

बिघडतं कुठे? मऊ फोमचा फ्लोट खोल पाण्यात दाबाने आक्रसतो. आकार घटला की उचल घटली, आणि वर राहायचं जाळं हळूहळू खाली जातं. खोलीसाठी कडक प्लास्टिकचाच हवा. थर्माकोल तर वापरूच नये, त्याचे दाणे सुटून किनाराभर पसरतात. आणखी एक: 'फ्लोटिंग रोप' म्हणजे तरंगता दोर, हे भाषांतर बरोबर आहे. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यापेक्षा हलका, नायलॉनचा जड. तरंगता दोर सैल सोडला तर येणाऱ्या-जाणाऱ्या बोटीच्या पंख्यात जातो, ही सूचना तिथेच द्या.

रत्नागिरीहून: नामांमध्ये दोन जुने शब्द हाताशी आहेत, ते सोडू नयेत. एक सांगड. दोन सुके भोपळे किंवा दोन होड्या एकत्र बांधून केलेलं तरण्याचं साधन. 'सांगड घालणे' इथूनच आलं, पण आता लोकांना फक्त 'जोडणी' आठवते, पाणी आठवत नाही. दुसरा उलांडी. अरुंद होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला हलका ओंडका. त्याला नुसता 'तरंगणारा ओंडका' म्हणणं अपुरं आहे, कारण तो दोन्हीकडून काम करतो. होडी उलांडीकडे कलली की पाणी ओंडक्याला वर रेटतं; विरुद्ध बाजूला कलली की ओंडका पाण्याबाहेर निघू लागतो आणि आपल्या वजनाने तिला परत खेचतो. लाकूड पाणी प्यायलं की ही उचल जाते आणि होडी कायमची त्या बाजूला झुकते. म्हणून ओंडका उन्हात वाळवतात.

अलिबागहून: रुतलेली नौका 'तरंगवणे' हे वाचायलाच कसंतरी वाटतं. 'नौका पाण्यावर आणणे' लिहा. इथे खरं काम भरती करते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नौका भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत रुतली तर पुढच्या दिवसांत पाणी चढत जातं, काळजी कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या टोकाला रुतली तर त्यानंतरची प्रत्येक भरती आधीपेक्षा कमी, मग पुढच्या उधाणापर्यंत सुमारे पंधरा दिवस थांबावं लागू शकतं. तोवर बर्फ, मासळी, जाळी उतरवून नौका हलकी करायची आणि नांगर खोल पाण्याकडे टाकायचा, नाहीतर लाटा तिला आणखी वर ढकलतात. इंजिन जोरात फिरवू नये. पंखा वाळू उकरतो आणि थंड करायच्या पाण्याबरोबर वाळू इंजिनात जाते.

जाता जाता: पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा भरलेली नौका जास्त खोल बसते. भारासकट 20 टनांच्या नौकेला समुद्रात साडेएकोणीस घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं, गोड्यात पूर्ण वीस.

रत्नागिरीहून, पुन्हा: पैशाच्या भागासाठी. रुपयाचा दर मार्च 1993 पासून बाजारावर ठरतो, त्याला 'तरता विनिमय दर' रूढ आहे. कर्जाला मात्र 'बदलता व्याजदर' लिहा. कर्जदाराला हप्ता बदलणार हे कळायला हवं, 'तरता' म्हटलं की ते कळत नाही. निविदा 'काढतात', कंपनी 'काढतात', आणि एखादी बातमी लोक कशी घेतात ते बघायला 'पुडी सोडतात'. संचलनातला फ्लोट म्हणजे चित्ररथ, त्यात पाण्याचा संबंधच नाही.

देवगडहून: बर्फाच्या कारखान्यातल्या किंवा घरच्या टाकीचा फ्लोट राहिला. तो फ्लोटच. टाकी भरून वाहत असेल तर आधी तो कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं तर तो चिरला आहे, वर येत नाही आणि नळ बंद होत नाही, बदलायचा. कोरडा असेल आणि दांडी पितळेची असेल तर ती थोडी खाली वाकवा, पाणी खालच्या पातळीलाच थांबेल. तरीही गळलं तर नळाच्या तोंडाचा रबरी वायसर झिजला आहे.