वाइल्डवुडची मोटेल आणि नोंदवहीचे संरक्षण

न्यू जर्सीतील वाइल्डवुड या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावातली जुनी मोटेल अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घातली की ती पाडली जाण्यापासून वाचतील, असे काहींचे म्हणणे असते. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. ही नोंद म्हणजे मुख्यतः मान्यता असते. सरकारी पैसा किंवा परवानगी गुंतलेली नसेल, तर खासगी मालकाला स्वतःची इमारत पाडण्यापासून ती रोखू शकत नाही. ती ताकद स्थानिक नगरपालिकेच्या नियमांत असते, आणि नगरपालिकेला तर मोटेलच्या जागी येणाऱ्या नव्या घरांचा कर हवाच असतो. शिवाय मोटेलचा धंदा उन्हाळ्यापुरता, उलट त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीतला एकेक फ्लॅट विकून पैसे लगेच हाती येतात, त्यामुळे म्हाताऱ्या मालकाला सर्वस्वी दोष देणे मला तरी जमत नाही. २००० नंतरच्या तेजीत कितीतरी मोटेल अशीच गेली.

शेजारच्या वाइल्डवुड क्रेस्टमधील ‘कॅरिबियन’ हे मोटेल मात्र टिकले. चंद्रकोरीच्या आकाराचा पोहण्याचा तलाव, वरच्या मजल्याकडे वळत चढणारा, हवेत तरंगल्यासारखा दिसणारा रॅम्प आणि प्लॅस्टिकची ताडाची झाडे (हो, प्लॅस्टिकचीच!) असे हे १९५७ चे मोटेल २००५ मध्ये नोंदवहीत आले, पण त्याआधी ते मोटेल म्हणूनच चालवू इच्छिणारे खरेदीदार त्याला मिळाले होते.