सातवीच्या मुलांना उताऱ्यातून इंग्रजी व्याकरण कसं शिकवावं?

प्रश्न (ऐरोली): माझ्याकडे सहावी-सातवीची मुलं ट्यूशनला येतात. गाळलेल्या जागा बिनचूक भरतात, पण चार ओळी लिहायला सांगितल्या की काळांची खिचडी. उतारे कसे निवडावेत?

उत्तर (नौपाडा): ताई, गाइडमधले नकोच. मी आठेक ओळींचा स्वतःच लिहिते. सगळ्यात चाललेला उतारा म्हणजे १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी: १४ डबे, साधारण ४०० प्रवासी, तीन इंजिनं. सगळा साध्या भूतकाळात. आधी नुसता वाचायचा, अर्थ विचारायचा. मग ‘लेफ्ट’, ‘पुल्ड’, ‘रीच्ड’ अधोरेखित करायचं. शेवटी गाडी आत्ता सुटतेय असं धरून कॉमेंट्री लिहायची: ‘द ट्रेन इज लीव्हिंग...’ पोरं रंगतात! आणि एका वेळी एकच मुद्दा. ‘अ’, ‘द’ चुकलं तरी त्या दिवशी लाल पेन बंद. पालक कुरकुरतात, कुरकुरू देत.

उत्तर (वाशी): मी खाडीतल्या फ्लेमिंगोंवर लिहिते. आधी एकच पक्षी, मग अख्खा थवा. वाक्यं बदलताना क्रियापदाचा ‘एस’ कुठे जातो ते मुलंच पकडतात.

प्रश्नकर्ती: रेल्वेचा उद्याच घेते. इंजिनांची नावं होती ना काहीतरी?

नौपाडा: साहिब, सिंध, सुलतान. नक्की घाला, मागच्या बाकावरचेही जागे होतात.