न्यालच्या सागेतला ‘सूड’: बदला, दावा की उसनं फेडणं?

रानवारा

आमच्या वाचनगटासाठी न्यालची सागा मराठीत थोडक्यात सांगायचं काम घेतलंय. सागा म्हणजे आइसलँडची जुनी गद्य कथा, आणि न्याल हा तिच्यातला कायदा जाणणारा शहाणा माणूस. इंग्रजी भाषांतरं समोर ठेवते आणि अडलं की मूळ आइसलँडिक शब्द कोशात पाहते. सध्या ‘हेफ्न्द’ या शब्दापाशी अडले आहे. मी सगळीकडे ‘सूड’ लिहिलं होतं. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी ते खोडलं. त्यांचं म्हणणं असं की मराठीत सूड खलनायक घेतो. इथे भले, मानाचे लोक घेतात, तर ‘बदला’ लिही.

माझी अडचण वेगळी आहे. ग्रेट्टिरच्या सागेत, म्हणजे अशाच दुसऱ्या एका कथेत, एक म्हण येते: गुलाम तेवढा लगेच सूड घेतो, आणि भेकड कधीच घेत नाही. म्हणजे मानी माणूस या दोघांच्या मधला. तो थांबतो, वेळ बघतो, पण विसरत नाही. आपण मात्र ‘सुडाने पेटला’ म्हणतो. पेटलेला माणूस थांबेल कसा? थंड डोक्याने, उघडपणे, कर्तव्य म्हणून घेतलेल्या सुडाला आपल्याकडे काय म्हणतात?

चिंचपाणी

‘बदला’ला माझा ठाम विरोध. मराठीत जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी येतात, सरकारी नोकराची बदली होते. ‘बदला घेणे’ हे हिंदीतून आलेलं पाहुणं आहे. ‘प्रतिशोध’ही नको, मराठी कानाला त्यात शोधाशोध ऐकू येते. आपला सूड चांगला, टोकदार, दोन अक्षरी शब्द आहे. तो संस्कृत ‘सूद्’ म्हणजे ठार मारणे यावरून आला असणार, तोच मधुसूदनातला. देवाच्या नावात चालतो तर भल्या माणसाला का चालू नये?

जुनी वही

‘सूद्’चा ‘सूड’ झाला हे दाखवायला मधल्या काळातली रूपं हवीत, नुसता आवाज जुळून भागत नाही. फारसीत ‘सूद’ म्हणजे व्याज. उद्या कोणी म्हणेल, व्याजासकट परत करतात तो सूड. दोन्ही ऐकायला गोड, पुरावा दोन्हीला नाही.

आणि पाहुण्या शब्दांवर एवढा राग कशाला? या सागेत पानंच्या पानं कज्जे चालतात. दावा, फिर्याद, वकील, जामीन, खून हे सगळे अरबी-फारसी शब्द काढून टाकले, तर रानवाराताईंनी ते कज्जे लिहायचे कशात?

माळावरची

‘दावा’ शब्द आलाच आहे म्हणून सांगते. आमच्याकडे, साताऱ्याच्या बाजूला, भावकीत ‘दावा धरतात’. त्याला रोजचं भांडण म्हणत नाहीत. आमच्या घराचा आणि चुलत घराचा बांधावरून दावा होता. मयताला जायचं, लग्नाला नाही. वाटेत गाठ पडली तर म्हातारी माणसं एकमेकांना रामराम घालायची, पण दावा सुटलेला नसायचा. आजोबांना कधी चिडून बोलताना ऐकलं नाही, आणि विसरतानाही पाहिलं नाही. तुम्ही म्हणता तो थंडपणा मला या शब्दात दिसतो. सूड एका माणसाचा असतो. दावा घराचा असतो, वारसाने येतो.

रानवारा

माळावरचीताई, हे फार उपयोगी आहे, कारण ‘दावा’चा दुसरा अर्थही इथे चालतो. आइसलँडमध्ये 930च्या सुमारास आल्थिंग, म्हणजे कायद्याची आणि न्यायाची देशसभा, सुरू झालं. थिंगवेल्लीरला दर उन्हाळ्यात देशभरचे लोक जमत. कायदा लिहिलेला नव्हता. कायदा सांगणारा एक मानकरी दर वर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी, तीन वर्षांत तो पुरा होई. पण राजा नव्हता, शिपाई नव्हते. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी अंमल तुम्हीच करायचा, तुमच्या माणसांच्या बळावर. त्यामुळे कज्जा आणि वैर एकाच वाटेने चालतात. आज फिर्याद, उद्या तलवार, परवा तडजोड. ‘दावा लावला’ आणि ‘दावा धरला’ ही जोडी तिथे नेमकी बसते.

मोडीवाचक

आल्थिंगला ‘गोतसभा’ म्हणण्याचा मोह कोणाला होईल, म्हणून आधीच सांगतो. गोतसभेत, म्हणजे मराठी मुलखातल्या जुन्या न्यायसभेत, वतनदार, बलुतेदार बसत, महजर म्हणजे निवाड्याचा लेख होई, त्यावर साक्षी पडत. पण वर सत्ता होती, तिचे अधिकारी हजर असत. आल्थिंगच्या वर कोणी नव्हतं. 

मुख्य मुद्दा ‘वैर’चा. हा शब्द ‘वीर’वरून आलेला. वीर म्हणजे मुळात पुरुष, माणूस. वेदात ‘वैरदेय’ असा शब्द येतो आणि त्याचा अर्थ मारलेल्या माणसापोटी द्यायची भरपाई असा लावतात. आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाला मारलं तर 1000 गाई, वैश्याला 100, शूद्राला 10, आणि ते कशासाठी तर ‘वैरयातनार्थ’, म्हणजे वैर चुकतं करण्यासाठी. वर प्रायश्चित्ताचा एक बैल. म्हणजे वैर ही मनातली आग असण्याआधी ते एक देणं होतं, मोजून चुकवता येणारं. आइसलँडच्या ‘मान्ग्योल्द’शी, माणसापोटी द्यायच्या चांदीशी, हे किती जवळ आहे! रानवाराताई, तुमचा शब्द ‘वैर’च.

चिंचपाणी

आजच्या वाचकाला वैर म्हणजे वैरच, तो आपस्तंब उघडून बसणार नाही. आणि त्या चांदीला मराठीत काय म्हणणार? ‘नुकसानभरपाई’ लिहिलंत तर एसटीचा अपघात डोळ्यांपुढे येतो. ‘दियत’ इस्लामी कायद्यातला, त्याचं स्वतःचं शास्त्र आहे. मी ‘रक्तमोल’ सुचवते.

रानवारा

‘रक्तमोल’ मला आवडला, पण चांदीचा हिशेब रक्ताने नव्हे, माणसाच्या पायरीने होतो. बेर्गथोरा ही न्यालची बायको, हाल्गेर्द ही त्याच्या मित्राची, गुन्नरची. एका मेजवानीत बसण्याच्या जागेवरून दोघींचं बिनसतं आणि मग एक दुसरीच्या घरची माणसं मारवत जाते. पहिल्या गुलामाचे 12 औंस चांदी. गुन्नर ती न्यालला देतो. नंतर गुन्नरच्या घरचा माणूस मारला जातो तेव्हा न्याल तीच चांदी परत करतो, आणि गुन्नर ती ओळखतो. पुढे स्वतंत्र माणसं मरू लागतात तसे 100, 200 होतात. मोडीवाचकांच्या गाईंसारखी ही पण दर्जाची उतरंडच. या सगळ्यात दोघं मित्र एकमेकांवर एकदाही आवाज चढवत नाहीत. मला हा सागेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. दोन्ही घरांत खून पडतायत आणि पैशाची एकच थैली दोन मित्रांमध्ये ये-जा करून मैत्री टिकवते आहे.

उत्तरध्रुव

ओस्लोहून. तुम्ही ‘मान्ग्योल्द’ म्हणालात त्यातलं ‘ग्योल्द’ मला रोज भेटतं. नॉर्वेजियनमध्ये कर्जाला आजही तोच शब्द आहे, उच्चार ‘येल’च्या आसपास. मूळ क्रियापद ‘ग्याल्दा’, देणं चुकतं करणं. आणि हेच क्रियापद मैत्रीलाही लागतं. ‘हावामाल’ या जुन्या नीतिकाव्यात आहे: माणसाने मित्राचा मित्र व्हावं आणि भेटीची फेड भेटीने करावी. पुढे हसण्याची फेड हसण्याने, आणि कपटाची खोटेपणाने. भेट, हसू, कपट आणि खून, चौघांचा हिशेब एकाच वहीत.

म्हणून मी ‘फेडणे’ सुचवतो. आपण ऋण फेडतो, पांग फेडतो, नवस फेडतो, उसनं फेडतो, पाप फेडतो. ‘सूड’, ‘बदला’, ‘वैर’ या नामांवरच सगळे भांडताय. मला वाटतं नामापेक्षा क्रियापदात उत्तर आहे.

ओवी

मैत्री आणि हिशेब एका वहीत, हे मला पटत नाही. दुष्काळात गुन्नरने शेजाऱ्यांना वाटून वाटून स्वतःचं गवत-धान्य संपवलं, तेव्हा न्यालने 15 घोड्यांवर गवत आणि 5 घोड्यांवर अन्न लादून नुसतं पाठवलं नाही, स्वतः मुलांना घेऊन आला. गुन्नर काय म्हणतो? तुझ्या भेटी चांगल्या, पण तुझी आणि तुझ्या मुलांची मैत्री मला त्याहून मोलाची. म्हणजे भेटीपलीकडे काहीतरी आहे हे तो स्वतःच सांगतोय. याला फेड म्हणू नका. 

मैत्रीला तिथे शब्द काय आहे? ‘मैत्र’ वापरता येईल का? ‘मैत्री’पेक्षा त्यात खोली आहे.

मोडीवाचक

मित्राला ‘विन्‌र’. त्याचं मूळ संस्कृत ‘वन्’ या धातूच्या भाऊबंदांत जातं, आवडणे, हवंसं वाटणे. आणि शहाण्याला ‘वित्‌र’, तो आपल्या ‘विद्’चा सख्खा. वेद, विद्या, विदुर, सगळे त्याच घरातले. न्यालला विदुर म्हणायला भाषाशास्त्राचीही हरकत नाही.

जुनी वही

भाषाशास्त्राची नसेल, माझी आहे. विदुराचं कोणी ऐकत नाही. न्यालचं ऐकलं की निभतं आणि मोडलं की मरण येतं. त्याने गुन्नरला बजावलं होतं: एकाच घराण्यात दोनदा माणूस मारू नकोस, आणि भल्या लोकांनी घडवलेली तडजोड मोडू नकोस. गुन्नरकडून दोन्ही झालं. तीन वर्षं देशाबाहेर जायचं ठरलं होतं. बंदराकडे जाताना घोडा अडखळला, गुन्नर उतरला, मागे वळून आपली टेकडी पाहिली, ती कधी नव्हे इतकी सुंदर दिसली, आणि तो घरी परतला. त्या परतण्याने तो मेला. 

आणि न्याल नुसता साधू नाही. कायद्यातल्या फटी त्याला पाठ आहेत, वेळेला तो त्या वापरतो. त्याला ‘ज्ञानी’ म्हणू नका. मी ‘मुत्सद्दी’ म्हणेन.

ओवी

मुत्सद्दी माणूस आपल्या घरात जळून मरत नाही. न्यालच्या मुलांवर सूड घ्यायला फ्लोसी शंभर माणसं घेऊन आला तेव्हा ‘घरात चला’ हा सल्ला न्यालनेच मुलांना दिला, आणि तो चुकीचा आहे हे थोरल्याला कळत होतं. म्हाताऱ्याला बाहेर येण्याची मुभा मिळाली तर म्हणाला, मी म्हातारा, मुलांचा सूड घेण्याइतका उरलो नाही, आणि लाज घेऊन जगायचं नाही. बेर्गथोरा म्हणाली, तरुणपणी मला न्यालला दिलं, आमचं दोघांचं एकच होईल असं मी वचन दिलंय. ती आत गेली. नातू मधे झोपला. याला शहाणपण म्हणायचं की नाही हे मला वर्षानुवर्षं ठरवता आलेलं नाही, पण मुत्सद्देगिरी तर नक्कीच नाही.

माळावरची

‘समजूतदार’ का नको? आमच्याकडे गावात ज्याच्याकडे तंटा घेऊन जातात तो शिकलेला असेलच असं नाही, पण ‘जाणता’ असतो. जाणता म्हणा.

जुनी वही

‘जाणता’ला आता राजकारणाचा वास आहे. आणि जरा बाजूचं विचारतो: तीन वर्षांच्या शिक्षेला काय लिहिलंत, रानवाराताई? आणि जन्मभराच्या शिक्षेला?

रानवारा

तीन वर्षांच्याला ‘हद्दपारी’. दुसरीत घोटाळा आहे. तिला मूळ शब्द ‘स्कोगगांग्र’, शब्दशः रानात जाणं. आपला ‘वनवास’ तयारच आहे! पण रामाचा वनवास व्रतासारखा होता. इथे त्या माणसाला कोणीही मारावं, मारणाऱ्यावर फिर्याद होत नाही, त्याला जेवू घालणाराच गुन्हेगार. ग्रेट्टिर असा जवळपास 19 वर्षं जगला. ‘तडीपार’ लिहिलं तर पोलिसांची नोटीस आठवते. ‘वाळीत टाकणे’ थोडं जवळ येतं.

चिंचपाणी

वाळीत टाकलेल्याला पाणी बंद होतं, जीव घेण्याची मोकळीक नसते. ‘वनवास’ ठेवा आणि एका वाक्यात समजावून सांगा. 

आणि हत्येच्या शब्दांचंही बघा. तिथे मारल्यावर लगेच जाऊन ‘मी मारलं’ असं सांगितलं तर तो वेगळा गुन्हा, लपवलं तर ‘मोर्द’, सगळ्यांत नीच. आपण दोन्हीला खून म्हणून मोकळे होतो. उघड केलेल्याला ‘वध’ म्हणावं का?

मोडीवाचक

‘वध’ देवाने दैत्याचा करायचा. माणसांनी एकमेकांचा केला की कोणाची तरी बाजू घेतल्यासारखं होतं. नुसतं ‘मारलं’ लिहा.

उत्तरध्रुव

मूळ प्रश्नाकडे येऊ. हिल्दिगुन्नचा प्रसंग कसा केलात? तिथे ‘फेडणे’ बसतं की नाही यावर माझं सगळं म्हणणं उभं आहे.

रानवारा

तो प्रसंग असा केलाय. होस्कुल्दला न्यालच्या मुलांनी शेतात मारलं. त्याची विधवा हिल्दिगुन्न, फ्लोसी तिचा चुलता. तिने नवऱ्याचा झगा रक्तासकट गुंडाळून ठेवला होता. फ्लोसी जेवायला बसला तेव्हा तिने तो त्याच्या खांद्यांवर टाकला, सुकलेलं रक्त खडखडत खाली पडलं. ती म्हणाली, ‘हा झगा तू होस्कुल्दला भेट दिला होतास, आता मी तुला परत देते.’ फ्लोसीचा चेहरा एका क्षणात लाल, पांढरा, काळा झाला, आणि तो म्हणाला की बायकांची मसलत थंड असते. इथे भेटीची फेड आणि सुडाची मागणी एकाच कापडात आली आहे. उत्तरध्रुव, तुमचं म्हणणं इथे खरं ठरतं. पुढे आल्थिंगवर तिप्पट भरपाई ठरते, 600 औंस, आणि न्याल त्या ढिगावर वरून एक रेशमी वस्त्र आणि बूट ठेवतो. ठरल्यापेक्षा जास्त. त्या जास्तीच्या वस्त्रावरूनच बोलाचाली होते आणि तडजोड फिसकटते.

म्हणून सध्या मी ‘उसनं फेडणं’ घेतलंय, आणि ग्रेट्टिरच्या म्हणीत तेवढा ‘सूड’ राहू दिलाय.

ओवी

झग्याच्या प्रसंगात ‘फेडणे’ घालू नका हो. वस्त्र फेडणे म्हणजे अंगावरून उतरवणे. ती झगा चढवते आहे आणि वाचक उतरवताना पाहील.

उत्तरध्रुव

संदर्भ स्पष्ट असला की वाचक चुकत नाही. ‘पांग फेडले’ वाचून कोणाला कपडे आठवतात?

चिंचपाणी

पांगाजवळ कपडा नाही, इथे कपडाच मधे आहे. ‘परत केला’ लिहा आणि सूड सगळीकडे सूडच ठेवा. गटातल्या बाईंना सांगा की भला माणूसही सूड घेतो, सागा त्याचीच आहे.

माळावरची

आमच्याकडे ‘उसनं फेडलं’ हे चहासाखरेलाही म्हणतात आणि मारामारीलाही, पण जीव घेतल्यावर नाही. तेव्हा ‘दावा साधला’ म्हणतात. शेवटी कारी, न्यालचा त्या आगीतून वाचलेला जावई, फ्लोसीच्या घरी जातो, फ्लोसी त्याला आपल्याशेजारी मानाच्या जागी बसवतो आणि हिल्दिगुन्न त्याला देतो, तिथे काय लिहिणार? ‘दावा सुटला’ म्हणता येईल, ‘मिटला’ही म्हणता येईल, आणि दोन्ही एक नाहीत.