हिप रिसर्फेसिंगनंतर पळणं, फुटबॉल, मांडी घालणं... कुणी अनुभव सांगेल का? (वय ३६, कोल्हापूर)

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा. वय ३६, उजव्या खुब्याचं हिप रिसर्फेसिंग झालंय (गोळा कापून न टाकता त्यावर धातूची टोपी बसवतात ते ऑपरेशन). माझ्या खुब्याचा गोळा पूर्ण गोल नव्हताच, त्यात शाळेपासून फुटबॉल, त्यामुळं कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, झिजून गेलेली आणि शेवटी शेवटी तर बुटाची लेस बांधायला पण घरच्यांना सांगायला लागायचं, रात्री कूस बदलली की जाग. ऑपरेशन पुण्यात केलं, आता दोनेक महिने होत आलेत, घरीच आहे. जुनं दुखणं गेलंय म्हणजे पार गेलंय, जांघेत जी कळ यायची ती आता नाहीच. काठी सुटली, संध्याकाळी रंकाळ्यावर चालून येतो.

आणि इथंच घोळ होतोय बघा. पाय चांगला दिसतोय म्हणून पेठेतली पोरं म्हणतात सीझनच्या आत एक प्रॅक्टिस मॅच खेळून बघ की, आई म्हणती जिना पण चढू नको, शेजारचे वस्ताद म्हणतात तेल लावून रगडून घे आणि बैठका चालू कर. सर्जननी सहा महिने पळायचं नाही आणि वर्षभर अंगावर येणारा खेळ नाही एवढंच सांगितलं, आणि ओपीडीत एवढी गर्दी होती की पुढचं काय विचारताच आलं नाही.

तर विचारायचं असं की पळायला खरंच एवढं थांबायला लागतं का, का ते सगळ्यांनाच सरसकट सांगतात? मांडी घालून जेवायला कधी बसता येतं? दमलो की जरा लंगडतो, ते जाईल का? आणि घरात एकानं व्हॉट्सअपवर वाचलंय की ह्या धातूचं विष रक्तात उतरतं, तेव्हापासून बायकोच्या डोळ्याला डोळा नाही. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज लिहा.

वाघबीळ_सायकल

भावा, पहिली गोष्ट म्हणजे प्रॅक्टिस मॅचला सरळ नाही म्हण. माझं डाव्या बाजूचं रिसर्फेसिंग होऊन बरीच वर्षं झाली, आज सायकलवर पन्हाळा चढतो, म्हणून हक्कानं सांगतोय.

सहा महिने का थांबायचं ते मला माझ्या सर्जननी एक्स-रे लावून समजावलेलं, तेव्हा डोक्यात बसलं. पूर्ण हिप रिप्लेसमेंटमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा आणि मानेचा भाग कापून टाकतात आणि हाडाच्या पोकळीत दांडा घालतात. आपल्यात तसं नाही, गोळा फक्त तासून घेतात आणि त्यावर कोबाल्ट-क्रोमची टोपी बसवतात, समोर कंबरेच्या हाडाच्या खोबणीत तसल्याच धातूची वाटी. म्हणजे गोळ्याच्या खालची हाडाची मान तुझी स्वतःचीच राहिली. हाच सगळा फायदा आहे, हाड वाचतं, पुढं कधी लागलंच तर रिप्लेसमेंट करायला जागा राहते. पण ऑपरेशन करताना त्या हाडाचा रक्तपुरवठा थोडाफार दुखावतो आणि टोपी बसल्यावर वजन कुठून कसं उतरणार ते सगळं बदलतं, त्यामुळं हाडाला आतून पुन्हा घडायला वेळ लागतो. पहिल्या काही महिन्यांत जी मोठी भीती असते ती ह्या मानेला फ्रॅक्चर व्हायची. ते झालं की टोपी काढायची आणि रिप्लेसमेंट करायची, म्हणजे ज्याच्यासाठी हे केलं तेच गेलं. आणि दुखणं तर कूर्चा झिजल्यामुळं होतं, ती जागाच आता धातूची झाली, मग दुखणार कुठनं? म्हणून दुखत नाही ह्याच्यावरून हाड तयार झालं असं धरू नको, ते एक्स-रे बघूनच कळतं.

पोरं तुला टेनिसवाल्या अँडी मरेचं उदाहरण देणार, मला पण दिलेलं. खरं आहे ते, त्याचं रिसर्फेसिंग जानेवारी २०१९ मध्ये झालं, जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स स्पर्धेत डबल्स जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पच्या स्पर्धेत सिंगल्सची ट्रॉफी. त्याच्या आधी डबल्स खेळणाऱ्या बॉब ब्रायननं पण हेच ऑपरेशन करून घेतलेलं आणि तो काही महिन्यांत परत डबल्स खेळत होता. पण बघ, मरे पण आधी डबल्सनंच सुरुवात केला, अर्धंच कोर्ट सांभाळायचं, आणि त्याच्याबरोबर दिवसभर फिजिओ आणि ट्रेनर. आपल्याकडं शाहू स्टेडियमवर पाठीमागनं टॅकल आला तर कोण आहे? टेनिसमध्ये कोण अंगावर येऊन पाडत नाही. पडण्याचा धोका हाच तुझ्यासाठी सगळ्यात मोठा.

माझं कसं गेलं सांगतो. आधी घरातच स्टँडवरची सायकल, सीट नेहमीपेक्षा वर घेतलेली म्हणजे गुडघा वर येताना खुबा काटकोनाच्या पुढं दुमडत नाही. रेझिस्टन्स नाहीच, नुसतं फिरवायचं. मग सपाटीला, पहाटे, ट्रॅफिक नसताना. क्लिट्सचे, म्हणजे पॅडलला अडकणारे, बूट लई उशिरा घातले, कारण सिग्नलला पाय अडकून आडवं व्हायला वेळ लागत नाही. वाघबिळाच्या वरचा चढ उभं राहून मारायचा नाही असं पहिलं वर्षभर स्वतःला बजावलं. पळायला वर्षभरानंतर लागलो, तेही आधी चालणं-पळणं आलटून पालटून, मातीवर. डांबरी रस्त्यावर अजूनही कमीच पळतो, तो माझा निर्णय, सर्जननी बंदी घातलेली नाही.

फिजिओ_राजारामपुरी

वरच्या दादांनी छान लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथं वाचून ट्रीटमेंट ठरवू नका, तुमचा सर्जन म्हणेल तेच शेवटचं, पण काही गोष्टी सांगायलाच पाहिजेत.

सगळ्यात आधी ते तेल लावून रगडणं थांबवा, आजच. ऑपरेशननंतरच्या दिवसांत पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणूनच तर रक्त पातळ करायची गोळी आणि घट्ट मोजे देतात. अशा पोटरीवर जोरात मालिश केलं तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि ते जिवावर बेततं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर वस्तादांकडं नाही, थेट हॉस्पिटलला. वस्तादांबद्दल मला आदरच आहे, कोल्हापुरातली निम्मी ताकद तालमीतनंच आलीय, पण बैठका आत्ता नाहीत म्हणजे नाहीत. पूर्ण खाली बसताना खुबा इतका दुमडतो की हाडाची मान वाटीच्या कडेला टेकते. रिसर्फेसिंगमध्ये मान नैसर्गिक जाडीची राहते, म्हणून ती लवकर टेकते, आणि सारखं कडेवर घासलं की झीज वाढते.

लंगडण्याबद्दल. दमल्यावर लंगडताय म्हणजे बहुतेक खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू अजून कच्चा आहे. एका पायावर उभं राहिलं की कंबर समतल धरायचं काम त्याचं. तुम्ही वर्षानुवर्षं दुखतंय म्हणून त्या पायावर वजनच टाकत नव्हता, मग तो वाळणारच, त्यात ऑपरेशनचा मार. आरशासमोर ऑपरेशनच्या पायावर उभे राहा, हात कट्ट्याला टेकलेला, दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते का बघा. पडत असेल तर लांब चालायला जाताना काठी परत घ्या, आणि ती डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या उलट्या हातात. लोक काठी सोडली म्हणून पेढे वाटतात हो, पण लंगडत काठीशिवाय चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चाललेलं कितीतरी चांगलं, कारण लंगडायची एकदा सवय लागली की दुखणं गेल्यावर पण ती राहते आणि मग कंबर धरते. कुशीवर झोपून पाय वर उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, रबर बँड लावून आडवं चालणं, हे कंटाळवाणे प्रकार महिनोन्महिने करायला लागतात. रंकाळ्याला पाच फेऱ्या मारण्यापेक्षा हे मन लावून केलेलं जास्त कामाला येतं.

मांडीचं बऱ्याच जणांना चुकीचं सांगितलं जातं. मागच्या बाजूनं ऑपरेशन केलं असेल तर खरा धोका असतो खाली वाकून गुडघा आत वळवण्याचा आणि पायावर पाय टाकण्याचा. मांडीत गुडघा बाहेर जातो, ती त्या मानानं सुरक्षित दिशा. शिवाय रिसर्फेसिंगचा गोळा मोठा असतो, निखळायची भीती कमी. तरी पण स्नायू आणि सांध्याभोवतीचं कव्हर भरून यायला वेळ द्या, सर्जननी हिरवा कंदील दिला की आधी पाटावर किंवा जाड उशीवर बसा. जमिनीवरनं उठताना मात्र चांगल्या पायावर जोर. कमोडच वापरा, निदान आत्ता तरी. झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोहायचं असेल तर जखम पूर्ण भरल्यावर तरणतलावात, पंचगंगेत नको, आणि बेडकासारखे पाय मारायचे नाहीत.

एवढं एक लक्षात ठेवा, वजन टाकताना जांघेत अचानक नवीन कळ आली तर दोन दिवस बघू असं करायचं नाही, पाय टेकायचा नाही आणि एक्स-रे काढायचा.

शाहूपुरी_स्मिता

मी वेगळ्या बाजूनं लिहिते. मला पण कमी वयात खुब्याचा त्रास, मी पण हट्टानं रिसर्फेसिंगच पाहिजे म्हणून गेलेले, पण डॉक्टरांनी सरळ सांगितलं की तुम्हाला नाही करणार. तेव्हा राग आला, नंतर सगळं वाचलं तेव्हा पटलं. ही पद्धत आज ज्या रूपात आहे ती बर्मिंगहॅमच्या मॅकमिन आणि ट्रेसी ह्या सर्जननी १९९७ च्या सुमारास आणली, आणि तरुण, मजबूत हाडाच्या, मोठ्या मापाच्या पुरुषांत तिचे निकाल चांगले आहेत. पण गोळ्याचं माप लहान असलं की धातूवर धातू घासून झीज जास्त होते. बायकांचं माप बहुतेक लहानच. २०१५ मध्ये ह्याच पद्धतीच्या 'बर्मिंगहॅम हिप' नावाच्या इम्प्लांटच्या कंपनीनंच लहान मापं मागं घेतली आणि बायकांना हे बसवू नका असं सांगितलं. मला मग सिरॅमिकचा गोळा घालून पूर्ण रिप्लेसमेंट केलं. मी जोतिबाला चढून जाते, मुलीबरोबर बॅडमिंटन खेळते, मला कसलीच खंत नाही. हे अशासाठी लिहिलं की वाचणाऱ्या ताई-वहिनींनी हेच पाहिजे म्हणून अडून बसू नये.

धातूच्या विषाचं. वहिनींना सांगा की भीती हवेतली नाही पण व्हॉट्सअपवर येतं तशी पण नाही. धातूवर धातू घासला की कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटतात, थोडे रक्तात जातातच. डीप्यू कंपनीचं एएसआर नावाचं इम्प्लांट होतं, ते इतकं लवकर खराब व्हायला लागलं की ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातनं परत घेतलं, त्यात आपल्या देशातले पण पेशंट होते. बहुतेक फॉरवर्ड त्याच प्रकरणाचे असतात. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर इम्प्लांटचं नाव, माप आणि स्टिकर असणार, त्याचा फोटो काढून ठेवा. रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची टेस्ट होते, सर्जन सांगतील तेव्हा करून घ्या. ब्रिटनच्या नियामकानं लिटरला ७ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर नीट तपासा अशी रेषा आखलेली आहे. आणि नुसत्या आकड्यावर घाबरायचं नसतं, दुखणं, सूज, एक्स-रे, एमआरआय सगळं मिळून बघतात. किडनीचा त्रास असला तर मात्र आधीच सांगायला पाहिजे, कारण हे धातू लघवीवाटे बाहेर पडतात.

वाघबीळ_सायकल

स्मिताताईंशी सहमत. वाटी कुठल्या कोनात बसलीय ह्यावर पण लई अवलंबून असतं, जास्त उभी बसली तर कडेवर लोड येतो आणि कण जास्त सुटतात. पुढच्या व्हिजिटला एवढं विचारच, वाटीचा कोन कसा आहे. चांगला सर्जन आनंदानं एक्स-रेवर रेघ मारून दाखवतो.

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. स्मिताताई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं, स्टिकरचा फोटो तिनंच काढून ठेवला. इम्प्लांट एएसआर नाही. वस्तादांना पोटरीचं समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि तालमीतल्या बाकीच्या पोरांना पण सांगतो म्हणाले. आरशासमोर उभा राहून बघितलं, डावी कंबर पडतीय, म्हणजे फिजिओताई म्हणतात तेच. काठी परत काढली. पोरांना सांगितलं ह्या सीझनला खेळणार नाही, खेळणं अंगात आहे ते कुठं जात नाही, बाहेर बसून चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो.

आता शेवटचं दोन. बुलेट कधी चालवायची? आणि मॅच बघायला स्टेडियमवर गेलं तर चालेल का, गॅलरीच्या पायऱ्या उंच आहेत.

फिजिओ_राजारामपुरी

बुलेट सर्जनना विचारूनच. नुसतं चालवण्याचा प्रश्न नाही, उजव्या पायानं किक आणि ब्रेक दोन्ही, आणि एवढी जड गाडी कलली तर पाय रोवून सावरता आली पाहिजे. बटन स्टार्ट असली तरी अजून काही दिवस मागं बसून पण नको, आपले खड्डे माहीत आहेत. कारला साधारण सहा आठवड्यांनंतर परवानगी देतात, पण जोरात ब्रेक दाबता येतो का ते आधी बंद गाडीत बसून बघायचं.

मॅचला जरूर जा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी. खालच्या बाजूची, कठड्याजवळची जागा धरा, आणि फायनल शिट्टी झाल्यावर सगळी गर्दी बाहेर पडू दे, मग उठा.